एक्क्याण्णव

चौकटींच्या वहीत १ ते १०० संख्या लिहून त्यांतल्या मूळ संख्यांभोवती गोल करायचे, असा एक गृहपाठ मला लहानपणी मिळाला होता आणि त्यात मी ९१ भोवती गोल केला होता. वही परत आली तेव्हा त्या गोलावर लाल शाईची फुली होती. बाकी सगळे बरोबर होते. का चुकले हे विचारायला गेले, तर बाईंनी ‘९१ संयुक्त आहे, एवढे लक्षात ठेव’ असे सांगून पुढची वही उघडली. मी लक्षात ठेवले. त्यानंतर कित्येक वर्षे ९१ माझ्या दृष्टीने व्याकरणातल्या एखाद्या अनियमित रूपासारखी होती, पाठ करायची आणि कारण विचारायचे नाही अशी.

चूक कशी झाली होती ते मात्र आजही पायरीपायरीने आठवते. संख्या विषम, म्हणून तिला २ ने भाग जात नाही. अंकांची बेरीज १०, म्हणून ३ ने जात नाही. शेवटी ० किंवा ५ नाही, म्हणून ५ ने जात नाही. सातची सोपी कसोटी कोणी शिकवलेली नव्हती आणि सातचा पाढा सत्तरावर संपत होता, म्हणून मी तिथेच थांबले आणि गोल केला. थोडक्यात, ‘मला भाग घालता आला नाही’ या वाक्याचे मी ‘भाग जात नाही’ असे करून टाकले होते. पहिले वाक्य माझ्याबद्दलचे होते, दुसरे संख्येबद्दलचे. या दोन वाक्यांमधले अंतर किती मोठे आहे, आणि थोर थोर गणितज्ञांनी त्या अंतरात किती वर्षे घालवली आहेत, हे मला पुष्कळ पुढे कळले.

मूळ संख्येची पुस्तकी व्याख्या निर्दोष आहे: जिला १ आणि ती संख्या स्वतः असे दोनच विभाजक असतात, ती मूळ संख्या. पण व्याख्या पाठ झाल्याने संख्या ओळखीची होत नाही. मला ती ओळख पाढ्यांतून झाली. १७ ही संख्या सतराच्या पाढ्यात ‘सतरा एके सतरा’ म्हणून पहिल्याच ओळीत येते, एकच्या पाढ्यात सतराव्या ओळीत येते, आणि याखेरीज ती कोणाच्याही पाढ्यात सापडत नाही, पाढे कितीही पुढे नेले तरी. उलट २४ ला प्रत्येक घरी बोलावणे: दोनच्या पाढ्यात ती आहे, तीनच्या, चारच्या, सहाच्या, आठच्या, बाराच्या पाढ्यात आहे. आणि ९१? ‘तेरा सत्ते एक्क्याण्णव’. तेराचा पाढा मला येत होता. ती ओळ मी शेकडो वेळा म्हटली होती. पण पाढा म्हणताना तो नुसता ठेका होता, आणि गोल करताना नुसता आकडा. तोंडाला ठाऊक असलेली गोष्ट हाताला ठाऊक नव्हती.

आपल्या भाषेत गुणाकार ‘करतात’ आणि अवयव ‘पाडतात’. हे क्रियापद मला नेहमीच नेमके वाटत आले आहे. तुकडे पाडताना वस्तू कुठे फुटेल हे आधी शोधावे लागते. जोडताना तसे काही शोधावे लागत नाही. ७ आणि १३ हातात असतील तर ९१ मिळवायला क्षणही लागत नाही. ९१ हातात असेल आणि ७ व १३ काढायचे असतील, तर प्रयत्न करून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

गेल्या वर्षी माझी भाची ७२ चे मूळ अवयव पाडत बसली होती. तिने ७२ खाली दोन फांद्या काढून ८ आणि ९ लिहिले. ८ खाली २ आणि ४, चारखाली पुन्हा २ आणि २, नऊखाली ३ आणि ३. शेजारी तिच्या मैत्रिणीने पाठवलेले चित्र होते. त्यात ७२ चे ६ आणि १२ असे भाग केले होते; सहाचे २ आणि ३, बाराचे ३ आणि ४, चारचे २ आणि २. दोन्ही झाडांचा आकार निराळा होता आणि दोघींपैकी कोणाचे तरी चुकले असणार अशी तिची खात्री होती. मी तिला फक्त टोकाची पाने मोजायला सांगितली. एका झाडाला तीन दोन आणि दोन तीन; दुसऱ्यालाही तीन दोन आणि दोन तीन. मग तिने ७२ चे २ आणि ३६ असे करून पाहिले, ३ आणि २४ असे करून पाहिले. पाने तीच.

“मावशी, हे प्रत्येक संख्येचं असंच होतं का?”

“प्रत्येक.”

“पण का?”

मी तोंड उघडले आणि लक्षात आले की सांगण्यासारखे काही तयार नाही. मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, ही गोष्ट आपल्याला इतक्या लहानपणी आणि इतक्या सहज सांगितली जाते, की तिला काही कारण असावे लागते असे वाटेनासेच होते. माझ्या मते शाळेतल्या अंकगणितात सर्वांत जास्त गृहीत धरली गेलेली गोष्ट हीच असावी.

ती आपोआप खरी नाही, हे पाहण्यासाठी एक खेळ करता येतो. समजा, जगात फक्त सम संख्याच आहेत: २, ४, ६, ८, १०. विषम संख्या कोणाला माहीतच नाहीत. गुणाकार तिथेही होतो, कारण दोन सम संख्यांचा गुणाकार समच येतो. त्या जगात ४ फोडता येते, २ × २ अशी. ६ मात्र फोडता येत नाही, कारण ३ तिथे नाहीच. तसेच १० फुटत नाही, १४ फुटत नाही, ३० फुटत नाही. म्हणजे त्या जगातल्या रहिवाशांच्या दृष्टीने २, ६, १०, १४, १८, ३० या सगळ्या ‘मूळ’ संख्या झाल्या. आता ६० घ्या. ६० म्हणजे २ × ३०, आणि ६० म्हणजेच ६ × १०. चारही अवयव तिथले अभंग, आणि तरी दोन वेगवेगळी उत्तरे. तिथल्या एखाद्या भाचीने दोन झाडे काढली असती, तर तिला वेगवेगळी पाने मिळाली असती आणि दोन्ही उत्तरे बरोबर असती.

मग आपल्या जगात असे का होत नाही? याचे मर्म युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाच्या सातव्या खंडात, म्हणजे सुमारे २३०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे: दोन संख्यांच्या गुणाकाराला एखाद्या मूळ संख्येने भाग जात असेल, तर त्या दोहोंपैकी निदान एकीला तिने भाग गेलाच पाहिजे. संयुक्त संख्येला हे बंधन नाही. ४ × ९ ला ६ ने भाग जातो, पण ४ लाही जात नाही आणि ९ लाही जात नाही. सहामधला २ एकीकडून आला आणि ३ दुसरीकडून. सातला अशी वाटणी करता येत नाही. तो येईल तर एकाच घरून सबंध येईल.

भाचीला हे मी १० घेऊन दाखवले. समजा, एका अज्ञात संख्येच्या दहापटीला ७ ने भाग जातो. दहाला तर ७ ने भाग जात नाही. आता त्या अज्ञात संख्येची २१ पट घ्या आणि तिच्यातून २० पट वजा करा. उरते ती संख्या स्वतः. २१ पटीला ७ ने भाग जाणारच, कारण २१ मध्ये ७ आहे. २० पट म्हणजे दहापटीची दुप्पट, म्हणून तिलाही जातो. मग त्यांच्या वजाबाकीलाही गेला पाहिजे, म्हणजे त्या अज्ञात संख्येलाच. सगळी करामत २१ आणि २० यांच्यात एकाचा फरक असण्यात आहे. ७ मूळ असल्यामुळे, तिच्या पाढ्यात नसलेली कोणतीही संख्या समोर आली तरी दोघींच्या पटींमध्ये असा एकाचा फरक कुठे ना कुठे सापडतोच. सम संख्यांच्या जगात ही युक्ती चालत नाही, कारण तिथे १ हा आकडाच नाही. मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हा नियम आणि त्याची सिद्धता आज ज्या पूर्ण स्वरूपात आपण मांडतो, त्या स्वरूपात ती १८०१ साली चोवीस वर्षांच्या गाउसने मांडली. युक्लिडपासून तिथवर दोन हजार वर्षे लोक मूळ अवयव पाडतच होते, आणि पाने तीच येतात यावर निर्धास्त होते.

एकचा विषय निघालाच आहे, तर १ मूळ संख्या का नाही हेही इथेच सांगून टाकते. मी शाळेत विचारले तेव्हा ‘दोन विभाजक लागतात, एकला एकच आहे’ असे उत्तर मिळाले होते, आणि ते उत्तर म्हणजे व्याख्येचाच पुनरुच्चार होता. व्याख्या तशी का केली हा खरा प्रश्न. ती नेहमीच तशी नव्हती. १७४२ साली गोल्डबाखने ऑयलरला आपले प्रसिद्ध अनुमान कळवले तेव्हा तो १ ला मूळ धरत होता. १९१४ साली लेहमरने छापलेली मूळ संख्यांची मोठी यादीही १ पासूनच सुरू होते. पण १ ला मूळ म्हटले की ७२ च्या झाडाला हवी तितकी एकची पाने लावता येतात आणि ‘पाने नेहमी तीच’ हे वाक्य मोडते. म्हणून १ ला बाहेर ठेवले. ही शिक्षा नव्हे. ७२ चे सगळे विभाजक मोजू लागलो की १ ची खरी जागा दिसते. आपल्याजवळ तीन दोन आणि दोन तीन आहेत. त्यांतले २ किती उचलायचे याचे चार पर्याय: एकही नाही, एक, दोन किंवा तीन. ३ किती उचलायचे याचे तीन पर्याय. चार त्रिक बारा, म्हणून ७२ चे विभाजक बारा: १, २, ३, ४, ६, ८, ९, १२, १८, २४, ३६ आणि ७२. त्यांत ७२ म्हणजे सगळे उचलणे, आणि १ म्हणजे काहीच न उचलणे. भाचीला यातले हे ‘काहीच न उचलणे’ सर्वांत आवडले. तिने वहीत १ भोवती रिकामी टोपली काढली.

मूळ अवयवांचा उपयोग शाळेत मुख्यतः मसावि आणि लसावि काढण्यासाठी शिकवतात. ७२ आणि ६० यांचे अवयव मांडायचे, सामाईक तेवढे उचलले की १२ हा मसावि, सगळे मिळून घेतले की ३६० हा लसावि. लहान संख्यांना हे ठीक आहे, परंतु या रीतीमुळे एक गैरसमज घट्ट होतो, तो असा की दोन संख्यांतले सामाईक काय हे कळायला आधी दोन्ही संख्या फोडाव्या लागतात. मला तरी तसेच वाटत असे. ११४७ आणि ८९९ या दोन संख्या घ्या. दोन्ही दिसायला मूळ संख्यांसारख्या निगरगट्ट. मोठीला लहानीने भागले तर बाकी २४८. आता ८९९ ला २४८ ने भागले तर बाकी १५५. २४८ मधून १५५ गेले, ९३ उरले. १५५ मधून ९३ गेले, ६२ उरले. ९३ मधून ६२ गेले, ३१ उरले, आणि ६२ ला ३१ ने निःशेष भाग जातो. म्हणून मसावि ३१. एकही संख्या न फोडता, नुसत्या भागाकारांनी दोघींत लपलेला अवयव बाहेर आला. आता हवे तर ११४७ म्हणजे ३१ × ३७ आणि ८९९ म्हणजे २९ × ३१ असे पाहता येते. हीही रीत युक्लिडचीच, आणि शेकडो अंकी संख्यांनाही ती चालते. एकटी संख्या दिली तर मात्र तिचा निरुपाय होतो.

एकट्या संख्येचे काय करायचे, यावर सर्वांत जुना उपाय चाळणीचा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या एराटोस्थेनीसच्या नावाने ती ओळखली जाते. मी ती मोठेपणी एका दुपारी पुन्हा करून पाहिली, त्याच चौकटींच्या कागदावर. १ बाजूला ठेवला. २ ठेवून त्याच्या पटी खोडल्या, ४९ संख्या एका दमात गेल्या. ३ ठेवून त्याच्या पटी खोडायला गेले, तर निम्म्या आधीच खोडलेल्या होत्या. नव्याने १६ गेल्या. पाचला नव्याने खोडायला सहाच मिळाल्या: २५, ३५, ५५, ६५, ८५, ९५. आणि सातला फक्त तीन: ४९, ७७ आणि ९१. त्यापुढे ११ कडे जाण्याची गरजच नव्हती, कारण १०० पर्यंतची संख्या फुटत असेल तर तिचा निदान एक अवयव १० किंवा त्याहून लहान असलाच पाहिजे. दोन्ही दहाहून मोठे असते तर गुणाकार शंभराच्या वर गेला असता. चाळणीत २५ संख्या उरल्या. आणि सबंध कागदावर सर्वांत शेवटी जिच्यावर रेघ ओढली गेली, ती संख्या ९१ होती. त्या दिवशी मला माझ्या लहानपणच्या चुकीबद्दल काहीसा आदर वाटला. ४९ सातच्या पाढ्यात तोंडपाठ, ७७ दिसतानाच फुटलेली. शंभराच्या आत जी एकच संख्या खरोखर शेवटपर्यंत लपून राहते, तिनेच मला फसवले होते. एक पायरी आणखी चढले असते तर उत्तर मिळाले असते.

ही चाळणी संपत नाही, हेही युक्लिडनेच दाखवले आहे. त्याचा युक्तिवाद सांगताना बहुतेक जण एक गफलत करतात. माहीत असलेल्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करून त्यात १ मिळवला की नवी मूळ संख्या तयार होते, असे ते सांगतात. तसे होतेच असे नाही. २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ मध्ये १ मिळवला तर ३००३१ येते, आणि ३००३१ म्हणजे ५९ × ५०९. युक्लिडचे म्हणणे एवढेच, की या संख्येला आपल्या यादीतल्या कोणत्याही संख्येने भागले तर बाकी १ उरते, म्हणून तिचा जो काही मूळ अवयव असेल तो यादीबाहेरचाच असणार. यादी कितीही लांब केली तरी बाहेर कोणीतरी आहे, हे त्यातून कळते. तो कोण, हे शोधणे वेगळे.

असे फरक मूळ संख्यांच्या इतिहासात जागोजाग भेटतात, आणि त्यांतला सर्वांत विलक्षण मला ९१ वरच उमगला. १६४० साली फर्माने एक गुणधर्म पत्रातून कळवला होता. विषम मूळ संख्या घ्या. तिच्याहून एकाने लहान जी संख्या, तितक्या वेळा २ ला स्वतःशी गुणा. त्या गुणाकाराला मूळ संख्येने भागले की बाकी १ उरते. सातसाठी करून पाहू. सहा वेळा २ म्हणजे ६४, आणि ६४ म्हणजे ६३ अधिक १. जमले. आता हीच परीक्षा ९१ ची घेऊ. ती मूळ असेल तर नव्वद वेळा २ गुणून ९१ ने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे. नव्वद गुणाकार करायचे कारण नाही. बारा वेळा २ म्हणजे ४०९६, आणि ४०९५ म्हणजे बरोबर ९१ × ४५; म्हणून बारा पावलांनी बाकी पुन्हा १ वर येते. तशी सात आवर्तने झाली की चौऱ्याऐंशी पावले होतात आणि बाकी १ च राहते. उरलेली सहा पावले चालली की बाकी ६४. एक नव्हे, चौसष्ट. म्हणून ९१ मूळ संख्या नाही.

हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा पेन खाली ठेवून बराच वेळ बसून राहिले होते. त्यात ७ कुठेही आला नाही. १३ कुठेही आला नाही. ९१ फुटते याची खात्रीशीर सिद्धता माझ्यासमोर होती आणि ती कुठे फुटते याचा त्यात मागमूस नव्हता. लहानपणी बाईंनी मला नेमके हेच सांगितले होते: संयुक्त आहे. कशी, ते नाही. तेव्हा ते अपुरे वाटले होते आणि अजूनही शिकवण्याच्या दृष्टीने मला ते अपुरेच वाटते; पण गणितात ते एक स्वतंत्र, स्वयंपूर्ण ज्ञान असू शकते, हे मला त्या ६४ ने शिकवले. (परीक्षा उलट बाजूने मात्र विश्वासार्ह नाही. ३४१ ही संख्या ११ × ३१ असूनही या परीक्षेत बाकी १ उरवून साळसूदपणे निसटते.)

या ज्ञानाचे आणि त्या ज्ञानाचे अंतर किती असू शकते याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १६४४ साली मर्सेनने २ चा ६७ वा घात उणे १ ही संख्या मूळ असल्याचे लिहून ठेवले. १८७६ साली ल्युकाने ती मूळ नसल्याचे सिद्ध केले, पण अवयव त्याला देता आले नाहीत. ऑक्टोबर १९०३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्याजवळ गेला. त्याने एका बाजूला तो घात हाताने मांडून १ वजा केला: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ असा गुणाकार मांडला आणि तो ओळीओळीने पूर्ण केला. दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळली. एक शब्दही न बोलता तो जागेवर जाऊन बसला आणि सभेने टाळ्या वाजवल्या, अशी आठवण सांगितली जाते. शोधायला किती वेळ लागला असे विचारल्यावर ‘तीन वर्षांचे रविवार’ असे त्याने सांगितल्याचीही. आठवणींना मीठमसाला लागलेला असतो, तो वगळला तरी संख्या उरतात, आणि त्या कोणालाही गुणून पाहता येतात. मी पाहिल्या. कागद, पेन आणि सुमारे अर्धा तास लागला, एका ठिकाणी हातचा चुकला म्हणून पुन्हा करावे लागले. कोलच्या तीन वर्षांची तपासणी अर्ध्या तासात होते, ही त्या गोष्टीतली मला सर्वांत भावणारी बाब आहे.

ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतले मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, यांनी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणारी अशी रीत शोधली, जी प्रत्येक संख्येला लागू पडते, कधीही फसत नाही आणि अंकांची संख्या वाढली तरी आटोक्यातल्या वेळात उत्तर देते. ३४१ सारख्या लबाडांनाही तिच्यातून सुटका नाही. परंतु तीही ‘संयुक्त’ एवढेच सांगून थांबते. फोडण्याची तितकी वेगवान रीत साध्या संगणकासाठी आजवर कोणाला सापडलेली नाही, आणि ती सापडणे अशक्य आहे असेही कोणी सिद्ध केलेले नाही. त्या न सापडण्यावर व्यवहार उभे आहेत. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर करायचा आणि अवयव स्वतःजवळ ठेवायचे, अशी गुप्तलेखनाची पद्धत मांडली. आव्हान म्हणून त्यांची एक १२९ अंकी संख्या प्रसिद्ध झाली. तिचे ६४ आणि ६५ अंकी अवयव सापडायला १९९४ साल उजाडले, तेही सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आपापले संगणक कामाला लावल्यावर. आज वापरात असलेल्या संख्या त्याहून पुष्कळ मोठ्या असतात. कुलूप सर्वांसमोर टांगलेले, आणि किल्ली म्हणजे त्याच कुलपाचे दोन तुकडे.

हे सगळे भाचीला सांगत असताना तिने मध्येच विचारले, की फुटते हे माहीत आहे पण कुठे ते कोणालाच माहीत नाही, अशी एखादी संख्या आजही आहे का. मी तिला २ चा १२७७ वा घात उणे १ ही संख्या सांगितली. ३८५ अंकी आहे, संयुक्त असल्याचे सिद्ध झालेले आहे, आणि हे लिहीत असताना तरी तिचा एकही अवयव कोणाला सापडलेला नाही. तिने वहीचे नवे पान काढले.

तिला अर्थातच ३८५ अंक लिहायचे नव्हते. बाक्यांचे चक्र तिने ९१ वरून उचलले होते. २ च्या घातांना ३ ने भागले की बाक्या २, १, २, १ अशा येतात. १२७७ विषम, म्हणून बाकी २, त्यातून १ गेला, उरला १. तीन खोडला. पाचने भागताना चक्र चारचे, बाकी २, उणे एक, १. पाच खोडला. सातला चक्र तीनचे, बाकी ४, उणे एक, ३. सात खोडला. या संख्येचा कोणताही मूळ अवयव २५५४ च्या एखाद्या पटीहून एकाने मोठाच असावा लागतो, म्हणून लहान संख्या तपासण्यात काही हशील नाही, हे मला माहीत होते. मी ते सांगितले नाही. तिने अकराचे चक्र मांडले: २, ४, ८, ५, १०, ९, ७, ३, ६, १. दहाचे चक्र, सातवी जागा, बाकी ७, उणे एक, ६. ‘११ ने भाग जात नाही’ असे तिने पूर्ण वाक्य लिहिले, खाली रेघ मारली आणि १३ लिहिला.